अवलंबित: पती

पासिर रिस, सिंगापूर
१४ ऑगस्ट २०१७

ती. विश्वासराव यांस,

साष्टांग नमस्कार. (तो कागदावरच स्वीकारावा. प्रत्यक्ष घातला तर मला उठवायला दोन माणसं लागतील.) तुमचा खोकला, वहिनींची साखर आणि सोसायटीतलं लिफ्टचं भांडण, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं सांगायचं तर मी पार हादरलेला आहे, आणि त्याला कारण तुमची धाकटी बहीण आहे.

पण आधी गुडघा. उजवा. डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून बदलावा लागेल असं दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. मी शैलेंद्रला म्हटलं, विमा आहे ना? (शैलेंद्रने इथलं नागरिकत्व घेतल्यावर आम्हा म्हाताऱ्यांना पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, मिळाला, आणि इथला सरकारी आरोग्यविमा पीआर मंडळींनाही आहे, दुखणं जुनं असलं तरी.) चिरंजीव म्हणाले, "बाबा, विमा आहे. पण त्याचा हप्ता आणि हॉस्पिटलातला आपला वाटा मेडिसेव्ह खात्यातून जातो. ते पगारातून भरतं. तुम्ही इथे कधी नोकरी केली नाहीत, म्हणून तुमचं रिकामं आहे. माझ्यातून भरू." मी चाट पडलो. म्हणजे गुडघा बसवायचा तर नोकरी हवी, आणि नोकरी करायची तर गुडघा हवा. मुलाच्या खात्यातला गुडघा लावून मी त्याच्याच घरात फिरणार नाही, असं मी तिथल्या तिथे जाहीर केलं. सूनबाई ऋचाने टीव्हीचा आवाज वाढवला.

तुम्ही मला ओळखता. विद्युत मंडळाच्या आस्थापना विभागात मी चौतीस वर्षं काढली. अख्ख्या सर्कलची वैद्यकीय बिलं माझ्या टेबलावरून जात. जात म्हणजे परत जात. सही नाही, परत. तारीख नाही, परत. सही-तारीख दोन्ही आहे पण शाई वेगळी आहे, तरी परत. आणि माझ्या स्वतःच्या कार्डावर 'अवलंबित: साधना, पत्नी' असं मी उभं राहून टाइप करून घेतलं होतं. तेव्हा नियमांना घाबरणारा मी नव्हे. नोकरीची अट आहे ना, मग करतो नोकरी, असं म्हणून मी बेडोकच्या हॉकर सेंटरात (इथली सरकारी खाऊगल्ली) चौकशीला गेलो. तिथे माझी बशी उचलायला आलेले गृहस्थ माझ्यापेक्षा निदान दहा वर्षांनी मोठे. मला इतकी लाज वाटली की मीच बशी उचलून त्यांच्यामागे निघालो, तर ते रागावले. त्यांचं काम मी का काढून घेतोय, असं त्यांचं म्हणणं. वयाची पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस कामावरून रागावतो हे मी आमच्या मंडळात कधी पाहिलं नव्हतं.

त्यांनीच पत्ता दिला. जवळच शाळा सुटल्यावर मुलांना सांभाळण्याचं एक केंद्र आहे, तिथे मदतनीस हवा होता. मुलाखतीला साधना बरोबर होती, ती केवळ माझी फाइल आणि छत्री धरायला. (हे नीट लक्षात घ्या, पुढच्या सगळ्याचं मूळ त्यात आहे.) केंद्र चालवणाऱ्या मॅडम गो यांच्यापुढे मी माझे सर्व गोपनीय अहवाल मांडले. त्यांनी त्यातला एकही उघडला नाही. "अंकल, कॅन स्टँड फोर आवर्स?" मी गुडघ्याचा इतिहास सुरू केला. तो संपायच्या आत त्या साधनाकडे वळल्या. "आँटी, यू कॅन कुक ऑर नॉट?" आणि तुमची बहीण, जिने चाळीस वर्षांत माझ्यादेखत दुकानदाराशीही भाव केला नाही, ती म्हणाली, "कॅन." मग पर्समधून कसला तरी पिवळा पडलेला, घडी घातलेला कागद काढून तिने मॅडमना काहीतरी समजावून सांगितलं. (शिऱ्याची कृती असावी. मी तेव्हा फाइल आवरत होतो.) परतीच्या बसमध्ये मी फाइल धरली होती आणि छत्रीसुद्धा.

हे मी तुम्हाला दीड वर्ष कळू दिलं नाही. तुम्ही फोन केलात की ती देवळात गेली आहे असं सांगत आलो, आणि साधना फार भाविक झाली असं तुम्ही म्हणालात तेव्हा मूग गिळून बसलो. ती साडीवर केंद्राचा जांभळा टी-शर्ट चढवून दहाला निघते. मी माझी भाजी मायक्रोवेव्हमध्ये गरम करतो. (एकदा स्टीलच्या वाटीसकट केली. त्याबद्दल या घरात बोलायचं नाही असं ठरलं आहे.) केंद्रातली चाळीस पोरं तिला 'आजी' म्हणतात, चिनी, मलय, सगळी. नात मैत्रेयी इथल्या बोलीत म्हणते, "आजोबा, आजी व्हेरी फेमस लाह."

आणि आता शेवटचा धक्का. पुढच्या महिन्यात गुडघा ठरला आहे, आणि तो होणार तुमच्या बहिणीच्या मेडिसेव्हमधून. नवऱ्यासाठी ते वापरता येतं. फॉर्म आला. खातेदार: साधना. त्याखाली माझं नाव, निशिकांत, आणि नातं: पती. मी चष्मा पुसून तीनदा वाचलं. भरून तिच्यापुढे ठेवला, तर तिने तो चाळला आणि पान दोनवर सही राहिली आहे म्हणून मला परत केला. विश्वासराव, मी त्या फॉर्मकडे बघत बसलो आणि पहिल्यांदाच मला ती सगळी माणसं आठवली, जी माझ्या टेबलासमोरून बिल हातात घेऊन परत जायची.

असो. वहिनींना नमस्कार. कळावे,

आपला,

ता. क. लिहिण्याचं कारण राहिलंच. साधनाला आता स्वयंपाकघरातून मुलांच्या वर्गात घेणार आहेत. त्यासाठी तिचं बालवाडी कोर्सचं सर्टिफिकेट हवं आहे. आमच्या सहकारनगरच्या फ्लॅटची किल्ली तुमच्याकडे आहेच. माळ्यावरच्या लोखंडी ट्रंकेत, मंडळाच्या फायलींमध्ये ते असेल. कृपा करून एकटेच जा. त्याच्याखाली एक खाकी पाकीट आहे, ते न उघडता जाळून टाका.

पुन्हा ता. क. तुम्ही उघडणारच, म्हणून सांगून टाकतो. एक्क्याऐंशी साली तुम्ही सायकलवरून जाऊन साधनाचा बालवाडीचा अर्ज देऊन आला होता. उत्तर आलं नाही म्हणून ती महिनाभर गप्प होती, आणि तुम्ही तिची समजूत काढायला दर रविवारी येत होता. उत्तर आलं होतं. नेमणुकीचं होतं. टपाल माझ्या हातात पडलं, आणि माझा डबा कोण करणार एवढाच विचार मी केला. जन्मभर कागद परत केले, हा एकच दाबून ठेवला. मला त्याची लाज वाटते. ट्रंक पुन्हा उघडून बघायचं धाडस मला झालं नाही. जाळू नका. ऑपरेशन झाल्यावर मीच तिला देईन. (आधी नको. फॉर्मवर अजून तिची सही व्हायची आहे.) गुडघ्यामुळे पोस्टापर्यंत जाववत नाही, म्हणून हे पत्र तिच्याकडेच टाकायला देतो आहे.

दादा, यांनी पत्राचं पाकीट चिकटवलंच नव्हतं, म्हणून वाचलं. ट्रंकेत खाकी पाकीट शोधू नकोस, तिथे नाही. शैलू चार वर्षांचा असताना रंगकामात मला सापडलं. तेव्हा फार रडले, पण बोलले नाही. तेव्हापासून माझ्या साड्यांखाली होतं, इथे येताना बरोबर आणलं. मॅडम गोंना मी त्यातलाच कागद दाखवला. नेमणूक झालेली आहे, रुजू व्हायचं राहिलंय, असं सांगितलं. नोकरीचं मी तुला कळवलंय हे यांना अजून माहीत नाही, तसंच राहू दे. सर्टिफिकेट तेवढं पाठव. गुडघ्याच्या फॉर्मवर मी कालच सही केली आहे. या पत्रावर मात्र सही करायची यांची राहिली. मी परत करत नाही, तसंच टाकते.
— साधना