झालेलं ट्रेनिंग

सावरीमाळ, ता. सुरगाणा
१० जून २०२४

ती. योगिनीताईस,
शुभांगीचा सा. न. वि. वि.

इथे फोनची रेंज रुसलेलीच, म्हणून पत्र जीपवाल्या धनराजकडे देतेय. ताई, यादीत नाव आलं गं! अपुऱ्या दिवसांच्या बाळांचं ट्रेनिंग, नाशिकला, एकवीस दिवस. तीनदा कापलेलं नाव या वेळी टिकलंय. बाळाला श्वास देणारं मशीन आमच्या दवाखान्यात खोक्यातच आहे, आल्याबरोबर तेच उघडेन. तू जन्मभर हीच बाळं सांभाळलीस, तेव्हा तुझ्याकडेच उतरेन. तुझी पातळ आमटीही मुकाट्याने खाईन.

लोभ आहेच, तो वाढता ठेव.
तुझी शुभांगी

नाशिक
१५ जून

चि. शुभांगीस,
अ. उ. आ.

आमटीला नावं ठेवतेस? मग येताना नागलीचं पीठ आण आणि भाकरी तूच थाप. गादी उन्हात टाकलीय. मात्र मी गेले तर वॉर्ड कोण बघेल, हे तुझं पालुपद या वेळी नको. माझी दोन ट्रेनिंगं त्यातच गेली. कार्यमुक्तीचा कागद हातात पडेपर्यंत कुणाच्या शब्दावर विसंबू नकोस.

तब्येतीला जप.
ताई

सावरीमाळ
२८ जुलै

ती. ताईस,
सा. न.

गादी उचलून ठेव. दुसरी सिस्टर संध्या बाळंतपणाच्या रजेवर, बदली माणूस नाही. डॉक्टरसाहेबांनी सोडलंच नाही.

आणि परवा काय आलं असेल? माझ्या नावाचं प्रमाणपत्र! हजेरीवर एकवीस दिवस कुणीतरी माझी सही ठोकलीय. क्लार्क म्हणाला, जागा रिकामी दाखवली तर वरून विचारणा होते, घ्या गुपचूप. मी घेतलं गं. भांडले तर पुढच्या यादीतूनही उडवतील, असं वाटलं. आता कळतंय, पुढच्या यादीत मी नाहीच. माझं ट्रेनिंग झालेलं आहे ना!

माझ्यावर राग धरू नकोस.
शुभांगी

सावरीमाळ
५ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न.

ट्रेनिंग झालंच नाही हे वर लेखी कळव, असं तू लिहिलंस. तीनदा लिहिलं, तीनदा फाडलं. तेवढ्यात साहेबांनी मशीन खोक्यातून काढलं आणि कागदावर ट्रेनिंग झालेली सिस्टर म्हणून मलाच नेमलं. तेव्हाही माझं तोंड उघडलं नाही.

मंगळवारी भागुबाईला सातव्या महिन्यात मुलगी झाली. घाटात दरड, गाडी निघेना. मशीनची नळी लावली, हवेचा दाब अंदाजानेच ठेवला. दोन तास जगली पोर. भागुबाईची सासू सरुबाई माझे हात धरून म्हणाली, बाई, तुमी शिकेल हायेत म्हणून येवढं तरी जगली. मेल्याहून मेल्यासारखं झालं गं.

मला हव्या तेवढ्या शिव्या घाल, पण नंतर. नळी कशी बसवायची, दाब किती ठेवायचा, ते चित्र काढून उद्याच्याच जीपने पाठव. आठव्या महिन्यातली एक बाई सकाळीच भरती झालीय.

शुभांगी