हौदाच्या तळाची निळी बशी

शनिवार, २८ जानेवारी १९५६
प्रभादेवी

बशी दिसली! पोहण्याच्या हौदाच्या तळाशी ठेवलेल्या बशीचं निळं फूल आज वरच्या पायरीवरून स्वच्छ दिसलं. ते दिसेपर्यंत मुलांना पाण्यात सोडायचं नाही, ही सासूबाईंची अट. बरोबरच आहे. गढूळ पाण्यात पोर तळाशी गेलं तर कळणार कसं?

हौदाचं पाणी गाळणाऱ्या गाळणीची जुळणी माझी. वर केस-पाला अडवायला कापड, मग वाळू, खाली खडी. मामंजींना कोळशाचा थरही हवा होता. मी ठाम नको म्हटलं. पण वाळू रोज धुवायची, हा त्यांचा हुकूम काही मोडवेना. या घरात धुतल्याशिवाय काही वापरत नाहीत! किती सांगितलं, मामंजी, वाळूत थोडा गाळ साचू द्या, त्यातच बारीक माती अडकते. ऐकतंय कोण?

मग शहरातल्या दंगलीमुळे संचारबंदी लागली. वाळू धुणारा तुकाराम माळी नायगावात अडकला. इतके दिवस वाळूला कुणाचा हात नाही, गाळणीचा पंप मात्र मी चालवत राहिले. आणि बशी!

संध्याकाळी तुकाराम सुखरूप आला. आल्या आल्या बादली उचलून म्हणाला, "वैनी, वाळू तशीच ऱ्हायली असंल." मी ऐटीत त्याला निळं फूल दाखवलं. तो बघतच राहिला.

"मग मी रोज धुत हुतो, ते कशापायी?"

एवढा वेळ फक्त माझंच खरं झालं म्हणून मिरवत होते मी.

"माझ्यापायी," मागून मामंजी म्हणाले, आणि त्यांनी स्वतः त्याच्या हातातली बादली काढून घेतली.