ऑर्किडला पाणी कोणी घालायचं

बाबा,
ह्यांचं ऑर्किड काल नर्सरीत नेलं. म्हटलं, आमचं दुर्लक्ष झालं, सुकत चाललंय. नर्सरीवाल्याने कुंडी उपडी केली, तर मुळं कुजलेली. म्हणाला, "पाणी जास्त झालंय. घरात दोघं घालता का?" तेव्हा माझी ट्यूब पेटली. मी ऑफिसला जाताना घालते, माझ्यामागे तुम्हीही घालत असणार. हे गेल्यापासून आपण एकमेकांशी झाडाबद्दलसुद्धा बोललो नाही.

कुजकी मुळं कापून झाडाच्या सालीच्या तुकड्यांत बसवलंय. हिरवी दोनच उरलीत. जगेल का, ते त्यालाही सांगता येईना. रविवारपर्यंत थेंबभरही पाणी नको.

रविवारी कोणी घालायचं? उत्तर इथे खाली लिहू नका, बाबा. मला हाक मारा.

सूनबाई