पिशव्यांतली कणसं

एम्स, आयोवा
१२ ऑक्टोबर १९८७

ती. आर्लीनवहिनींस,
नॉर्बर्टचा सा. न. वि. वि.

दफनाहून सुखरूप पोचलो. वर्लिनदादा गेला हे अजून डोक्यात शिरत नाही. रडूही येत नाही.

घरामागच्या माझ्या मक्याच्या दोन ओळी तेवढ्या सांभाळा. दाणा ओला होता, म्हणून कणसं तोडली नाहीत. इथं माझ्याकडे ठेवलेलं जुनं बी आता उगवत नाही. माझं सगळं काम त्या कणसांवर बांधलेल्या कागदी पिशव्यांत आहे. लायसिन हा प्रथिनांतला घटक माणसाचं शरीर स्वतः बनवू शकत नाही, तो अन्नातूनच मिळवावा लागतो. मका बनवतो, पण बेतानं. पुरेसं झालं की लायसिनच जाऊन ते बनवणाऱ्या पहिल्या एन्झाइमचा हात धरतं आणि पुढचं काम थांबतं. माझ्या मक्यात हा हात कुणी धरत नाही. दादा म्हणायचा, मका तुझ्यावरच गेलाय, पुरे म्हटलेलं कळत नाही.

२४च्या शनिवारी न्यायला येतो. लोभ आहेच, तो राहू द्यावा.

आपला,
नॉर्बर्ट

१८ ऑक्टोबर

चि. नॉर्बर्ट यास अनेक आशीर्वाद.

कणसं गेली रे. आपल्याकडे मयताच्या घरचं पीक उभं राहू देत नाहीत, शेजारी कापून देतात, तुला ठाऊकच आहे. काल सगळे शेजारी हार्वेस्टर घेऊन आले. मी खिडकीशी कॉफी ओतत होते, समोर दिसत होतं, तरी तुझ्या ओळी आठवल्याच नाहीत. शेजारच्या डेल्मरनं तुझ्या पिशव्या एकेक काढून, घडी घालून ओट्यावर ठेवल्या. म्हणाला, वर्लिनची वस्तू फाटायला नको. दाणे सगळ्या मक्याबरोबर गावच्या कोठारात गेले. आता निवडता येतील का?

मला वाईट वाटायला हवं. वाटत नाही. आतलं सगळं बंद पडलंय. तुझा हेलपाटा तरी वाचला. येऊ नकोस.

तुझी वहिनी,
आर्लीन

२१ ऑक्टोबर

ती. वहिनींस सा. न.

नाही, निवडता येणार नाहीत. पत्र वाचलं, खिशात ठेवलं आणि वर्गावर गेलो. शिकवलंही म्हणे नीट.

डेल्मरला यातलं अवाक्षर सांगू नका. पिशव्या मला फार उपयोगी पडल्या म्हणावं. दादाचं पीक त्यांनी उभं राहू दिलं नाही, ते बरंच झालं.

शनिवारी येतोच आहे. आता न्यायचं काही नाही. दुपारी दोन ताटं मांडा. भूक नसली तरी बसू.

आपला,
नॉर्बर्ट