साहेबांच्या चार ओळी

१२ सप्टेंबर
शाळा सुटल्यावर छावणीत, साहेबांकडं. (पुढं नुसतं सा.) गोरी फौज गेली, पोलिस ॲक्शन झाली, निजामी गेली, हे गृहस्थ जागचे हलले नाहीत. बाईसाहेब इथल्याच कब्रस्तानात आहेत, म्हणून. चाळीस वर्षं विलायतेच्या आरमारी पलटणीत, शेवटी जनरल. आणि पेन्शनीत राहणं कुठं, तर औरंगाबादला, जिथं होडी बुडायलासुद्धा पाणी नाही. आज पहाटेचा समुद्र सांगत होते. माझा चहा गार झाला. मी समुद्र पाहिलेला नाही, तरी घरी येईपर्यंत पाय ओले वाटत होते.

३ ऑक्टोबर
सा. ना आता नुसता उजेड कळतो. हे मला ठाऊक, स्वयंपाकीण शेवंताबाईला ठाऊक, तिसऱ्याला नाही. पावलं मोजून चालतात. खुर्चीपासून दार सात. घरातली वस्तू हलवायची नाही, असं आमचं ठरलेलं.

२० ऑक्टो.
घात झाला. शेवंताबाईनं दिवाळीची झाडलोट काढली आणि सवयीनं टेबल मधोमध ओढलं. सा. धडकून पडले. कपाळाला टाके. ती व्हरांड्यात बसून रडत होती. "लई चुकलं मास्तर. दिवाळी आली की हात ऐकतच नाय." रागावणार होतो. जमलं नाही.

२६ ऑक्टो.
सा. च्या बहिणीचं विलायतेहून पत्र, माझ्या नावानं, कारण सा. ची पत्रं मीच लिहितो. भावाची नजर शाबूत आहे का, खरं कळवा. नसेल तर न्यायला येते. खरं लिहावं तर सा. जाणार, बाईसाहेबांना इथं टाकून. खोटं लिहावं तर आवारात विहीर आहे. आणि सा. गेले तर माझ्या संध्याकाळी...
पहाटे स्वप्न. छावणीभर पाणी, सा. पुढं चालतायत. मोजत नाहीत.

२ नोव्हेंबर
बहिणीला पत्र लिहायला सा. नी सांगितलं. चार ओळी. मजेत आहे, नजर उत्तम, हवा छान. त्याखाली मी माझं लिहिलं. टाके, पावलं, विहीर, सगळं.
सहीसाठी कागद पुढं केला. सा. बोटानं जागा चाचपत गेले. ओली शाई बोटाला लागत गेली, पार तळापर्यंत.
"मास्तर, मैं तो चारच लाइनां बोला था."
लाज वाटली, आणि माया इतकी दाटली की काय सांगू. त्यांनी लेखणी मागितली आणि अगदी खाली, माझ्या ओळींच्या खाली, सही केली.

४ नोव्हें.
पाकीट अजून पिशवीतच. गुलमंडीतल्या टपालपेटीवरून दोनदा गेलो.