सहा देशांच्या किल्ल्या

मी, अमृत दगा पाटील, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा शेती, राहणार सारंगखेडा, तालुका शहादा, जिल्हा नंदुरबार, हे मृत्युपत्र माझ्या घराच्या ओट्यावर बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डोकंच काय, माझं सगळंच आयुष्यभर एका ठिकाणावर राहिलं आहे, आणि तक्रार तीच आहे. कोणाच्या दबावाखाली लिहीत नाही. गल्लीचा दबाव आहे, पण तो लिहू नये असा आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

माझी पत्नी मीनाबाई वारली. एकुलता मुलगा रोहिदास शहादा रस्त्यावर मोटारसायकलच्या अपघातात गेला, त्याला मूलबाळ नव्हतं. आता घरात मी आणि रोहिदासची बायको प्रतिभा, अशी दोनच माणसं आहोत. प्रतिभा शहाद्याला एका दवाखान्यात नर्स आहे आणि रोज एसटीने जाऊन येऊन करते.

कलम १. किल्ल्या.

आमच्या गल्लीतली सहा घरं परदेशात गेली. म्हणजे माणसं गेली, घरं इथेच आहेत, आणि जाताना प्रत्येकाने किल्ली माझ्या हातात ठेवली. घोटाळा होऊ नये म्हणून मी किल्ल्यांना देशांच्या नावाच्या चिठ्ठ्या बांधल्या, तर घरांनाच ती नावं पडली. कॅनडा गळतो. लंडनमध्ये मागच्या पावसाळ्यात साप निघाला. दुबईची मोटर जळाली ती मीच उतरवली. रोज सकाळी मी न्यूझीलंड झाडून चहाच्या वेळेला घरी यायचो. एवढा फिरलेला माणूस तालुक्यात नसेल. डिसेंबरात घोडेबाजार भरला की सगळे देश गावी यायचे, खिडक्या उघडून धूळ फार आहे म्हणायचे, घोड्यांबरोबर फोटो काढायचे आणि किल्ली परत माझ्याकडे द्यायचे. म्हणायचे, “काका, तुम्ही आहातच.”

मी आहेच. आहे म्हणून मला कुठे जाता आलं नाही. मीनाबाईला द्वारका बघायची होती. त्याच आठवड्यात ऑस्ट्रेलियाच्या घरी रंगारी यायचे होते. ती बायकांच्या बसने एकटी गेली. आल्यावर मी विचारलं, समुद्र कसा होता? ती म्हणाली, “तुमी वनतात ते माले सांगनं नही पडतं.” खरंच, मी गेलो असतो तर तिला सांगावं लागलं नसतं. आजही हे आठवलं की मला रंगाऱ्यांचा राग येतो. वास्तविक त्या बिचाऱ्यांचा काही दोष नव्हता.

या किल्ल्या कोणाला द्याव्यात हे लिहायलाच मी वकिलांकडे गेलो होतो. ते म्हणाले, “काका, दुसऱ्याची वस्तू मृत्युपत्रात लिहिता येत नाही. त्या तुमच्या कुठे आहेत?” मी घरी आलो. मग सगळ्या किल्ल्या कुरिअरने ज्याच्या त्याच्या देशात पाठवून दिल्या. कॅनडाहून दिलवरचा फोन आला. दिलवर माझा लहानपणचा दोस्त. तो ओरडला, “आरे अमृत, किल्ली आठे धाडीसन काय उपेग? दरवाजा ते तठे शे!”

मी म्हटलं, “मंग दरवाजा बी ली जाय.”

या बाबतीत माझ्यामागे कोणी प्रतिभाकडे किंवा इतर कोणाकडे तक्रार करू नये.

कलम २. शेती.

नदीकडची सगळी केळीची बाग कलम ४ मधल्या अटीवर प्रतिभाची. विहिरीजवळचा एक एकर मात्र बिनअट गोवालचा. गोवाल तरुणपणापासून माझ्या शेतात आहे, आणि मी किल्ल्या घेऊन गल्लीत हिंडत होतो तेव्हा शेत त्यानेच सांभाळलं. तो घ्यायला नाही म्हणेल. त्याचं ऐकू नये. पाइप, पाने, पंपाची सगळी हत्यारं त्यालाच द्यावीत. माझ्या चुलतभावाने मोठा पाना नेलेला आहे, तो मागून घ्यावा. लग्नाला नेला होता म्हणतो. लग्नात पाना कशाला लागतो हे त्याने सर्वांसमक्ष सांगावं.

कलम ३. ट्रंक.

ट्रंकेत मीनाबाईची लुगडी आहेत, ती गोवालच्या बायकोला द्यावीत. तळाशी माझा पासपोर्ट आहे. तो चुलीत घालावा. पुठ्ठा जाड आहे, लवकर पेटणार नाही.

मला ऐन पंचविशीत मस्कतला पंप दुरुस्तीची नोकरी लागली होती. कपडे शिवून झाले होते. बापूंनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, विरोध केला नाही. जेवता जेवता ते एवढंच म्हणाले, “मंग घरकडे कोन देखी?” मी घास खाली ठेवला. त्या जागेवर दिलवर गेला, आणि मस्कतहून पुढे मुलाबरोबर कॅनडाला गेला. त्याच्या घराची किल्ली ही माझ्याकडे आलेली पहिली किल्ली. त्याचा मला राग नाही असं मी सगळ्यांना सांगत आलो. राग आहे. दिलवरचा कमी आणि त्या प्रश्नाचा जास्त. त्याचं उत्तर सोपं होतं: कोणी नाही देखी. घर काही रांगतं पोर नाही.

कलम ४. राहतं घर, आणि प्रतिभा.

जुनं घर पाडून हे घर मी माझ्या कमाईतून बांधलेलं आहे.

प्रतिभाने जर्मन भाषेची परीक्षा दिली आहे. कानात यंत्र घालून ती भाकरी थापायची आणि तव्यासमोर जर्मन बोलायची. भाकर करपली की अहिराणीत एक शिवी, आणि पुन्हा जर्मन. परीक्षा पास झाली. तिकडच्या एका रुग्णालयातून नेमणुकीचा कागद आला. मी पेढे आणायला निघालो तर म्हणाली, आप्पा, घाई करू नका.

चार दिवसांनी ती तिच्या आईशी, गुलाबबाईंशी, फोनवर बोलत होती. मी खाटेवर पडलो होतो, झोपलो आहे असं तिला वाटलं. ती म्हणाली, “मी नही जास, आई. घरकडे कोन देखी?”

 तिने बापूंना कधी पाहिलंही नाही. हे वाक्य आमच्या घरात कोणी कोणाला शिकवत नाही, तरी सगळ्यांना येतं.

मी उठून बसलो आणि म्हटलं, “तू जाय.”

“तुमले भाकर कोन दी?”

“गोवालनी बायको दी.”

“आनि रातले पडनात ते?”

“पडनू ते उठसू. नही उठनू ते तू आठे ऱ्हाईसन काय करशी?”

ती नर्स आहे. काय काय करता येतं ते तिने मला सविस्तर सांगायला सुरुवात केली. मी खाटेवर परत आडवा झालो.

गल्ली म्हणते, परक्या देशातले म्हातारे सांभाळायला निघाली आणि घरचा म्हातारा वाऱ्यावर. गल्लीने माझी काळजी करू नये. प्रतिभा इथे राहिली तर ती माझी भाकरी करील, मी गेल्यावर घर झाडील, आणि हळूहळू तिच्याही कमरेला सहा किल्ल्या येतील. मी ते जगलो आहे. बाहेरून ते चांगुलपणासारखं दिसतं. आतून रोज जीव गुदमरतो, आणि कोणाला सांगावं तर लोक म्हणतात, तुम्हाला कोणी बांधून ठेवलंय का?

म्हणून मी अशी अट घालतो. माझ्या मृत्यूच्या दिवशी प्रतिभा या घरात राहत असेल, तर हे घर आणि केळीची बाग, यातलं तिला काहीही मिळू नये; सगळं गावच्या शाळेला जावं. ती परदेशात नोकरीला असेल, तर सगळं तिचं. ठेवावं, विकावं, पाडावं. फक्त कुलूप लावून किल्ली शेजाऱ्याला देऊ नये.

वकील म्हणाले, असली अट कोर्टात टिकणं कठीण आहे, आणि मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात. मी म्हटलं, कोर्टाचं कोर्ट बघेल, प्रतिभा कागदाला मानते. आणि माझ्या मरणाची वाट बघत बसलं तर ती जाणार कधी? आज जेवणं झाली की मी हा कागद तिला मोठ्याने वाचून दाखवणार आहे.

कलम ५. अंत्यविधी.

प्रतिभाला फोन तापीवरून परत आल्यावर करावा, आधी नाही. अग्नी गोवालने द्यावा. भाऊबंदांनी नाकं मुरडली तर मुरडू द्यावीत. व्हिडिओ कॉल करू नये. लंडनवाल्याने आईचं तेरावं फोनवर पाहिलं, फोन मी धरला होता. माझा हात भरून आला तेव्हा तो म्हणाला, “काका, जरा डावीकडे धरा.” माझ्या वेळी कोणाला डावीकडे धरायला लावू नये.

कलम ६. प्रतिभा निघेल तो दिवस.

हे कलम मेल्यानंतरचं नाही, वकिलांनी ते गाळायला सांगितलं होतं. मी गाळलेलं नाही.

ती गेल्यावर मला फार जड जाणार आहे. संध्याकाळची शहाद्याची गाडी फाट्यावर थांबली की माझे कान तिकडे लागतात. ती उतरली नाही तर त्या कानांचं काय करायचं हे मला माहीत नाही. आणि मी स्वतःला चांगला ओळखतो. निघायची वेळ आली की मी काहीतरी काढीन. चष्मा सापडत नाही म्हणेन. छातीत दुखतंय म्हणेन; तिने नाडी बघावी, बरी असेल तर बॅग उचलावी. शेवटी दारात तिचा हात धरून, सगळ्या गल्लीसमोर, “नको जाऊ, बेटा” असं मी म्हणेन. म्हणेनच.

ते माझं म्हणणं धरू नये, हा कागद धरावा. मी सोडणार नाही. तिने हात सोडवून घ्यावा.

अमृत दगा पाटील
(सही)

वरील सही अमृतभाऊंनी आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत केली आणि आम्ही त्यांच्यासमोर केल्या. आम्हा दोघांना या कागदातून काही मिळायचं नाही.

साक्षीदार :
१. मंगलाबाई शांताराम पाटील, पिठाची गिरणी, सारंगखेडा (सही)
२. इंदरचंद जैन, हार्डवेअरचे व्यापारी, शहादा (सही)

स्थळ : सारंगखेडा
दिनांक : ९ फेब्रुवारी २०२५