जावईबापूंनी पुसलेला खडा

वळ, तालुका भिवंडी
१४ जून २००८

जावईबापू देवेशराव यांना सासूबाई पार्वतीचे आशीर्वाद.

तुमची तब्येत ठणठणीत असेल आणि निशाचा खोकला गेला असेल, असं धरून चालते. इकडे सगळं ठीक. निशाच्या बाबांचा गुडघा कुरकुरतो, पण ते स्वतः त्याहून जास्त कुरकुरतात, त्यामुळे गुडघ्याचं काही वाटत नाही.

तुमचा निरोप निशाने फोनवर सांगितला. ऑर्कुटवरची माझ्या मसाल्याची कम्युनिटी मी बिघडवली, म्हणून तुम्ही ती बंद करणार आहात. जावयाला उलट बोलायची आमच्यात रीत नाही, म्हणून लिहून कळवते (लिहिण्याबद्दल कुणी काही ठरवून ठेवलेलं नाही). कम्युनिटी बंद होणार नाही.

मार्चमध्ये तुम्ही आलात आणि म्हणालात, हजार माणसं जोडली की हजार घरांत मसाला गेला समजा. मला पटलं, कारण तुम्ही कॉम्प्युटरच्या कंपनीत आहात. तुम्ही माणसं जोडलीत, नऊशे बारा झाली. त्या भरवशावर मी दरसालच्या दुप्पट मिरची आणली, गच्चीवर वाळवली, शेजारच्या गोदामातून ट्रक सुटला की धूळ बसू नये म्हणून तिच्यावर जुन्या साड्या पांघरत राहिले. मसाला तयार झाला आणि नऊशे बारातला एकही दारात आला नाही. मग मी निशाकडून नावं वाचून घेतली. एक गृहस्थ ब्राझीलचे निघाले (त्यांच्याकडे बोंबील करतात का, हे मी विचारलं तर निशा नुसती हसली). पन्नासेक तुमचे ऑफिसवाले, जे मेसमध्ये जेवतात. उरलेल्यांना मसाला नको होता, त्यांनाही आपली माणसं वाढवायची होती.

फोटो झकास असला की माल आपोआप खपतो, हेही तुमचंच. त्यासाठी तुम्ही मला नथ घालून मसाला कुटायच्या डंक्यासमोर भर उन्हात उभी केलीत, दुपारपासून दिवेलागणीपर्यंत. फोटो झकास आला. पण त्या नादात धणे पाखडायचे राहिले आणि तसेच मिरचीबरोबर कुटले गेले.

आमच्या शेजारच्या रंगूबाईने तो मसाला डोंबिवलीला भाचीकडे, मृणालीकडे, पाठवला. मृणालीने कम्युनिटीत लिहिलं की मसाल्यात खडा लागला आणि दाढ दुखावली. वाईट लिहिलेलं ठेवलं की धंदा बसतो, म्हणून तुम्ही ते लगेच पुसलंत आणि त्या जागी आनंदीबाई आणि बायजाबाई अशा दोघींकडून मसाल्याची वाहवा लिहवून घेतलीत. दोघी तुम्हीच होतात. बायजाबाईचं वय पंचवीस, आवड पोहणे. देवेशराव, भिवंडी तालुक्यात पंचवीस वर्षांची बायजाबाई मला दाखवा.

दुसऱ्या दिवशी रंगूबाई दारात. ती भांडायला आली असती तर बरं झालं असतं. ओट्यावर बसली आणि हळूच म्हणाली, "पारू, पोरीनं खोटा न्हाय लिवला. पुसला कशाला?" तीस वर्षं मी मसाला करते. कुणी मीठ जास्त झालं म्हटलं तर पुडी परत घेतलीय, तोंड कधी बंद केलेलं नाही.

तशीच उठले आणि नारपोलीला गेले. तिथे सायबर कॅफे चालवणारी सुकन्या माझी गिऱ्हाईक आहे. निशाकडून पासवर्ड घेतला (तिला रागावू नका, मी आई आहे). मागे कापडाचे लूम धडधडत होते, मी ओरडून सांगत होते आणि सुकन्या टाइप करत होती: खडा होता. धणे पाखडले नव्हते, चूक माझी. पुडी आणून द्या, दुसरी देते. पार्वती, वळ, देवळामागे. सुकन्या थांबली. म्हणाली, "काकी, हे सगळ्यांना दिसेल." मी म्हटलं, "दिसू दे."

चार दिवसांनी मृणाली आली, सोबत ऑफिसातल्या दोन मैत्रिणी. मग कल्याणहून एक बाई, मग राहनाळच्या गोदामातले हिंदी बोलणारे तिघे. एक जण तर फक्त चूक कबूल करणारी बाई कशी दिसते ते बघायला आला आणि अर्धा किलो घेऊन गेला. पावसाआधी डबे रिकामे झाले. आणि तुम्ही निरोप पाठवता की माझी इमेज खराब झाली. इमेज म्हणजे काय ते निशाने समजावलं. ती खराब झाली असेल तर तशीच राहू द्या, मला चांगली चालते.

राग आला असेल तर जेवायला या. रागावलेल्या माणसाला मी दोन घास जास्तच वाढते.

तुमची,
पार्वती

ता. क. बायजाबाईला मी काढून टाकलं. नऊ पुरुष तिची चौकशी करत होते. त्यांना उत्तरं कोण देत होतं, हे मी निशाला विचारलेलं नाही.

आणखी ता. क. पासवर्डही मी बदलला, तुमच्या हाती लागू नये म्हणून. सुकन्याने तो कागदावर लिहून दिला होता आणि त्याच कागदात मी मंगळवारी कुणाला तरी मसाला बांधून दिला. आता सुकन्यालाही आठवत नाही आणि आत जाता येत नाही. तुम्हाला काही करता येत असेल तर रविवारी एकटेच या. निशाला मी सांगितलंय की मला आता सगळं येतं.